खळ्यावरचा फोटो

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी आत्या टेम्पोत पुढे बसायला तयार होईनात. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांच्यासाठीच ठेवली होती. त्यांचे गुडघे दुखायचे, मागे चढायचं म्हणजे दोघांनी धरून चढवायला लागायचं. पण ऐकतील तर शपथ. मागे पिठाचे डबे, गाद्यांची वळकटी आणि टीव्हीचा खोका यांच्यामध्ये त्या बसल्या, आणि टेम्पो मळ्यातल्या वस्तीवरून गावच्या रस्त्याला लागला तसा त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. भर दुपार होती. पारावर चारदोन माणसं बसली होती, गिरणी चालू होती. कुणी हात केला नाही, कुणी थांबवलं नाही. एकाने तेवढा मोबाइल काढला. याच माणसाच्या डीपीला आत्यांचा फोटो कितीतरी महिने होता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई. चाकणच्या पलीकडे आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोकांना फोटो आठवतो आणि मग कुणी पुढचं वाचत नाही. गावात राहिलेल्यांसाठी हे लिहितेय, आणि माझ्यासारखे जे तिथून उठून चऱ्होलीला, मोशीला, कुठे कुठे फ्लॅटमध्ये जाऊन पडले त्यांच्यासाठीही. गावाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं होतं, पण तिथे फुलांच्या आणि हात जोडलेल्या चित्रांमध्ये माझं लिहिणं बुडून गेलं असतं. शेवटी ग्रुपच सोडला.

मी मुळात गावाची नाहीच. माझं माहेर काळेवाडीचं, वडील कंपनीत, आम्ही दोन खोल्यांत वाढलेलो. शेत मी पाहिलं ते लग्नानंतर. पहिल्याच वर्षी ज्वारीची रास पडली होती आणि मी नवी नवरी, चहाचा ट्रे घेऊन चपलांसकट थेट खळ्यावर गेले. आत्यांनी जो काय आवाज टाकला, माझ्या हातातले कप हलले. "पायतान! पायतान काढ आधी! लक्षुमी बसलीया तितं!" सगळी माणसं हसली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून त्यांनीच जवळ घेऊन सांगितलं, की मळणीची जागा ठोकून, शेणाने सारवून केलेली असते, तिच्यावर धान्याची रास आहे तोवर ती देवघरासारखी. कुणीही असो, पायातलं काढून यायचं. आणि खळ्यावर जो आला त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. बलुतेदार असो, भिकारी असो, भांडलेला भाऊबंद असो, ओंजळभर धान्य त्याच्या पदरात पडलं पाहिजे. मळणीला पुढे यंत्र आलं, बैल गेले, पण आत्यांचं खळं दरवर्षी सारवलं जायचं. मला ते सारवायचा कंटाळा यायचा. कंपनीतली शिफ्ट करून आल्यावर शेणात हात घालायचा म्हणजे काय सुख असतं होय? पण करायचे, कारण नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

कारखान्यांचा पुढचा टप्पा आमच्या शिवारात येणार हे आम्ही बरीच वर्षं ऐकत होतो. मग एकदा खरंच नोटिसा आल्या. गावाने कृती समिती काढली. अध्यक्ष झाले माझे चुलत दीर, ज्यांना सगळे बाळाशेठ म्हणतात. सभा झाल्या, शपथा झाल्या, एक इंचही जमीन देणार नाही असं ठरलं. मोजणीला माणसं येणार ती गावच्या रस्त्यानेच येणार, म्हणून त्या दिवशी सगळं गाव वेशीवर रस्ता अडवून बसलं होतं. आत्या आणि मी मात्र खळ्यावर होतो. मळणी आदल्या दिवशी झाली होती, रास उघडी होती, ती पोत्यात भरल्याशिवाय आत्या कुठे हलणार? दत्ता, माझा नवरा, वेशीवर गेला होता.

मोजणीवाले रस्त्याने आलेच नाहीत. ओढ्याकडून, बांधाबांधाने आले. पुढे एक साहेब, मागे मोजणीची माणसं आणि त्यांच्या मागे पोलिसांची रांग. सरळ आमच्या शेतात. मी सूप हातात घेऊन नुसती उभी राहिले. आत्या उठल्या, राशीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. त्या घाबरल्या नव्हत्या असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर होते. त्यांच्या मानेची शीर थडथड उडत होती. पण हात खाली आला नाही.

"थांबा तितंच," त्या म्हणाल्या. "पायतान काढल्याबिगर एक पाऊल पुडं टाकायचं न्हाई. रास हाय."

रांग थांबली. खरंच थांबली. एक हवालदार काहीतरी बोलायला पुढे आला, साहेबांनी त्याला हाताने मागे केलं. मग साहेब खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. तेवढ्यात वेशीवरची माणसं धावत आली होती, त्यांच्याबरोबर पेपरचा एक फोटोग्राफर होता, आणि त्याने फोटो काढला. नऊवारीतली एक म्हातारी हात उभारून उभी, पाठीमागे ज्वारीची रास, समोर थांबलेले पोलीस आणि तिच्यापुढे वाकलेला सरकारचा माणूस. मी त्यात नाही. आत्यांच्या आड माझा नुसता पदर दिसतो.

दुसऱ्या दिवशी तो छापून आला आणि मग काय विचारता! पुण्यामुंबईहून माणसं आली, कॉलेजची मुलं आली, कुणी टी-शर्टवर छापला. 'एकटी' असं त्याखाली लिहिलेलं असायचं. लोकांना तो बघून बळ यायचं म्हणे. येत असेल, मी नाकारत नाही. सत्तेपुढे एक माणूस ताठ उभं राहू शकतं हे त्यात दिसतं, आणि ते खोटं नाही. फक्त त्या एकट्या का होत्या, हे कुणी विचारलं नाही. सगळं गाव तिथेच होतं. फोटोग्राफरच्या पाठीशी, बांधावर, ओळीने उभं होतं. एकही माणूस खळ्यावर आला नाही. रात्री जेवताना दत्ताने हे बाळाशेठना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "आमी आलोच असतो रे, पण पायात बूट होते ना राव. रास होती, कसं येनार?" असं कारण जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. आमच्या घरात त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. आत्या हसल्या नाहीत.

फोटोनंतर काय झालं ते फोटोत नाही. साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले, आणि विचारलं, "आजी, येऊ का?" आत्या म्हणाल्या, "या." दुसरं काय म्हणणार? ज्याने मान राखला त्याला अडवायचं कसं? त्याला खळ्यावरून जाऊ दिलं, बाकीचे बांधाला वळसा घालून गेले. मोजणी झाली, खुणांचे दगड रोवले गेले. परत जाताना साहेब पुन्हा अनवाणीच आले, हात जोडले, आणि आत्यांनी सवयीने ओंजळ भरून त्यांच्या रुमालात ज्वारी घातली. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. तोही कुठल्यातरी खळ्यावर वाढलेला असणार. पुढे त्यांची लांब कुठेतरी बदली झाली असं कानावर आलं. बाईपुढे वाकलेला साहेब वरच्यांना कसा चालेल? आत्या बरेच दिवस हळहळत होत्या.

गावाने मात्र आत्यांना डोक्यावर घेतलं. सभेत त्यांना खुर्चीवर बसवायचे, हार घालायचे. "काकू हाय तवर काळजी न्हाई," असं बाळाशेठ माइकवर म्हणायचे. मला तेव्हाच त्यात काहीतरी खटकायचं. सगळ्यांनी आपापली काळजी आमच्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवली आणि मोकळे झाले. आत्या हात उभारून उभ्या आहेत म्हटल्यावर बाकीच्यांनी उभं राहायचं कारणच उरलं नाही. मग एकेकाच्या दारात नवी गाडी दिसायला लागली. जमीन द्यायला संमती दिली असं कुणी सांगायचं नाही, पण बंगल्याचा पाया खोदलेला काय लपतो? समितीतली माणसं सगळ्यांत आधी फुटली. पहिले कोण, हे मी लिहिलं नाही तरी तुम्हाला ठाऊक आहे.

आता गावाला एक अडचण झाली. आत्यांचा फोटो घरोघर लागलेला, आणि त्याच घरातून संमती गेलेली. तोंड कसं दाखवायचं? तेव्हा कुणाच्या तरी मोबाइलमधून त्या दिवशीची एक क्लिप निघाली. आत्या साहेबांच्या रुमालात ज्वारी घालतायत. एवढीच क्लिप, आवाज नाही. ग्रुपवर आली आणि खाली एक ओळ: म्हातारी मॅनेज झाली होती.

आमच्या भागात मॅनेज या शब्दाला उत्तर नसतं. चोर म्हणा, माणूस भांडेल. मॅनेज झाला म्हणा, लोक नुसते मान हलवतात आणि संपलं. आणि गंमत बघा, खळ्यावर आलेल्याला ओंजळ द्यायची हे त्या गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं. त्यांच्या आयांनी आत्यांकडून, आत्यांनी त्यांच्या आयांकडून हजारदा ओंजळी नेलेल्या होत्या. शहरातल्या माणसाने त्याचा उलटा अर्थ काढला असता तर मी समजू शकले असते. पण ज्यांना अर्थ पाठ होता त्यांनीच तो विसरायचं ठरवलं. त्यांना सोपं पडत होतं ना! म्हातारीच विकली गेली म्हटल्यावर आपण काय करणार, असं म्हणत सगळे गंगेत न्हाल्यासारखे स्वच्छ झाले.

आत्यांचं बोलणं-चालणं तुटत गेलं ते हळूहळू. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. भजनाला त्या गेल्या की शेजारची बाई सरकून बसायची. गिरणीत त्यांचा डबा मागे सरकवला जायला लागला. एकदा तर दळण न दळताच घरी आल्या, डबा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "पोरी, म्या काय केलं गं?" मी पुष्कळ भांडकुदळ बाई आहे, पण तेव्हा नुसता डबा उचलून आत ठेवला.

मग त्या स्वतः बाळाशेठच्या दारात गेल्या. मी बरोबर होते. नव्या बंगल्याच्या पायऱ्या चढल्याच नाहीत, अंगणातूनच हाक मारली. "बाळा, म्या कुनाला इकले गेले ते सांग. चार मानसांत सांग. तू तर व्हतास की बांधावर." बाळाशेठ दारात आले, हसले. "काकू, तुमी मनाला लावून घिऊ नका. राजकारण हाय ह्ये. आत या, च्या घ्या." आत्या तशाच वळल्या. सरकारी साहेबासमोर उभं राहायला जे धैर्य लागलं असेल, त्याच्यापेक्षा जास्त त्या अंगणात लागलं. तिथे फोटो काढायला कुणी नव्हतं.

आम्ही शेवटपर्यंत संमती दिली नाही. जमीन गेलीच, सक्तीने गेली, त्यात नवल काही नव्हतं. वस्तीवरचं घरही त्याच गट नंबरात होतं, तेही गेलं. गावठाणात दत्ताची एक जुनी जागा होती, तिथे दोन खोल्या बांधू असं तो म्हणत होता. आत्यांनी साफ नाही म्हटलं. "जमीन सरकारनं नेली, त्येचं मला वाईट वाटतंय, पर राग न्हाई. सरकार ते सरकारच. पर आपल्या मानसांनी नाव नेलं. त्या गावात म्या आता दळान न्यायची न्हाई." म्हणून चऱ्होली. म्हणून तो टेम्पो आणि तो पदर.

चऱ्होलीच्या सोसायटीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण आत्यांना ती बंद होताना जीव घाबरा व्हायचा, म्हणून त्या खाली उतरायच्याच नाहीत. मी शिफ्टला गेले, दत्ता गाडीवर कामाला गेला, की दिवसभर बाल्कनीत. समोर अजून एक-दोन शेतं शिल्लक होती, त्यात पत्रे ठोकून नव्या स्कीमचा बोर्ड लागला तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवून आत तोंड करून बसायला सुरुवात केली. माझ्या वायरिंगच्या लाइनवर माझ्याबरोबर परभणीची एक बाई आहे, ती शेजारच्याच विंगमध्ये राहते. तिची मावशी गावाहून आली होती, ती आत्यांशी गप्पा मारायला यायची. दोघींचं छान जमलं. पिकांवर बोलायच्या, सुनांच्या चुगल्या करायच्या, माझ्यासमोरच. एकदा त्या मावशींनी मोबाइलवर काहीतरी बघता बघता आरोळी ठोकली, "अहो बाई, ह्या तर तुम्हीच की हो!" आत्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई ती."

मी स्वयंपाकघरात होते. ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. ज्या एका क्षणी त्या सगळ्यांत जास्त त्या स्वतः होत्या, तो क्षणसुद्धा त्यांच्याकडे राहिला नव्हता.

गेल्या थंडीत त्या आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ त्यांनाही कळला होता. एका दुपारी मला जवळ बोलावलं. "दत्ताला सांगू नगं, त्येला रडू येतं. मला गावाला नेऊ नका. तितं आता लई मानसं येतील." एवढंच म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. दत्ताने एका भावाला कळवलं आणि तासाभरात ग्रुप भरून गेला. तोच फोटो, काळ्या चौकटीत. रणरागिणी, वाघीण, काय काय शब्द. क्लिपबद्दल एक अक्षर नाही. जणू त्या ग्रुपवर ती कधी आलीच नव्हती. चौकात फ्लेक्स लागला म्हणून कुणीतरी त्याचाही फोटो टाकला. मधे आत्यांचा उभारलेला हात, साहेब कापून टाकलेले, पोलीस पुसून टाकलेले, आणि खाली हात जोडलेल्या माणसांचे ओळीने चेहरे. सगळ्यांत मोठा चेहरा बाळाशेठचा. मी तो फोटो दत्ताला दाखवला नाही, पण त्याने पाहिला होताच.

थोड्या वेळाने बाळाशेठ स्वतःच आले. खाली फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. दत्ता भिंतीला टेकून बसला होता. त्याचा जीव अडकला होता, मला दिसत होतं. त्याच्या वडिलांना गावच्या नदीकाठी अग्नी दिलेला. आईला तिथेच न्यावं असं कुठल्या मुलाला वाटणार नाही? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नेऊ या का गं? शेवटी गाव आहे." मी आत्यांचं बोलणं त्याला तेव्हाच, सगळ्यांसमोर सांगितलं. जसंच्या तसं. तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

बाळाशेठ माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. "वहिनी, म्हातारं मानूस आजारात काहीबाही बोलतं. तिकडं आख्खं गाव जमलंय."

"जमलं तर तेव्हाही होतं, भाऊजी," मी म्हणाले.

दत्ता उठला, डोळे पुसले, आणि आईच्या पायाशी जाऊन बसला. "दादा, गाडी परत न्या," तो म्हणाला. मी त्याला लग्नाआधीपासून ओळखते, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा त्याच्या आईसारखा दिसला.

आत्यांना आम्ही इथेच, इंद्रायणीच्या काठी नेलं. माणसं फार नव्हती. माझ्या लाइनवरच्या चारपाच बायका ओव्हरटाइम सोडून आल्या. परभणीच्या मावशी पायरीवर बसून मोठ्याने रडत होत्या, घरचं कुणी गेल्यासारख्या. दत्ताच्या बरोबर खांदा द्यायला आमच्या मजल्यावरचे एक मल्याळी भाऊ, वॉचमन आणि खालच्या किराणा दुकानवाला पुढे झाले. हाक मारावी लागली नाही. त्यांतल्या एकाला तर आत्यांचं नावही माहीत नव्हतं, त्याने ते वाटेत चालता चालता दत्ताला विचारलं.

दत्ता अजून अधूनमधून म्हणतो, आईला बाबांजवळ न्यायला हवं होतं. असेलही. मलाही कधी कधी झोप लागत नाही. त्या गावात माझी पंचवीस वर्षं गेलीत, तिथली माती माझ्या हातापायांना कळते, इथली नाही. पंचमीला, दिवाळीला जीव तिकडेच ओढतो आणि ओढत राहणार. ते घर होतं, हे मी कशाला नाकारू? पण आता कुणी गाव कुठलं म्हणून विचारलं, तर मी चऱ्होली सांगते. आत्यांना ओळखत नसताना ज्यांनी उचललं, ती माणसं इथे आहेत.